आप्पांचा ओटा

सकाळी सातला आप्पांची हाक आली की समजायचं, कुठल्या तरी स्पर्धेची मुदत आज संपते. "येस का भो? जरा कुरिअरवर जाऊ." मग माझी स्कूटर, मागे आप्पा, आणि दोघांच्या मध्ये नकाशांची ती लांब नळी. चोपड्याच्या बसस्टँडसमोरच्या गर्दीत ती आतापर्यंत तीन जणांना लागली आहे.

आप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त अनुरेखक. दुसऱ्यांनी आखलेले कालवे गिरवण्यात नोकरी गेली; आता स्वतःचं काढतात. जुन्या शहरात टाऊन हॉल, संग्रहालय, न्यायालय काहीही बांधायचं असो, संकल्पचित्रं मागवल्याची जाहिरात दिसली की ते ती कापून देवघराशेजारी टाचतात. 'फक्त नोंदणीकृत वास्तुविशारदांसाठी' ही ओळ तेवढी त्यांना दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी दिसत नाही. जेवणाचं टेबल या नकाशांनी अडवलेलं, त्यामुळे काकू खाली पानं मांडतात. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि डोक्यावरून सूचना, "टाऊन हॉलवर तेल सांडू नका."

त्यांचा देव म्हणजे वास्तुविशारद चिझम. मुंबई महापालिकेच्या इमारतीसाठी स्टीव्हन्सचा गॉथिक आराखडा होता आणि चिझमचा इंडो-सारासेनिक. पसंत पडला स्टीव्हन्सचा, 1893मध्ये इमारत पुरी झाली. ही हकिगत आप्पा अशी सांगतात, जणू चिझम त्यांचा साडू होता आणि भाऊबंदकीत त्याची जमीन गेली. एकदा लग्नाला मुंबईला गेलो होतो. सीएसएमटीतून बाहेर पडून वऱ्हाड टॅक्सीत बसलं, आणि आप्पा महापालिकेकडे बघत फुटपाथवरच उभे. "इथं चिझम पाहिजे होता." लग्नाचा मुहूर्त आम्ही गाठला, अक्षता मात्र टॅक्सीतच राहिल्या.

विटेटनं 1909ची मुंबईच्या म्युझियमची स्पर्धा जिंकली, हे ते मान्य करतात, पण थोडक्यात. जिंकलेल्यांबद्दल त्यांना फारसं बोलवत नाही. अपवाद सिडनीच्या ऑपेरा हाऊसवाल्या उटझनचा. 1957ला स्पर्धा जिंकला, 1966ला भांडून काम सोडून गेला, 1973ला उद्घाटन झालं, आणि पुरी झालेली इमारत त्यानं जन्मात पाहिली नाही. "जिंकीसन बी काय मिळनं?" असं म्हणून आप्पा समाधानानं भाकरी मोडतात.

काचेचा विषय मात्र काढू नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि बक्षीस मिळतं ते काचेच्या भिंतीला! "1936ला फैजपूरले काँग्रेस भरनी. नंदलाल बोसांनी बांबूवर सगळं नगर सजवलं. काच व्हती का एक तरी?" यावर कोण काय बोलणार? त्यांच्या प्रत्येक नकाशात, मग ते उच्च न्यायालय का असेना, दाराशी ओटा असतो. निंबाच्या सावलीतला, तीन पायऱ्यांचा. सरकारी कामाला आलेला माणूस आधी टेकणार कुठे, हा त्यांचा पहिला प्रश्न. खरं सांगतो, दाखल्यासाठी दोन तास उन्हात उभं राहिल्यापासून मलाही तो पटतो.

अशा स्पर्धांत नकाशावर नाव किंवा खूण चालत नाही. आप्पा हा नियम काटेकोर पाळतात. फक्त माणसाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून ओट्यावर एक माणूस काढतात. टोपी, काखेत छत्री, डावा खांदा किंचित उतरलेला. गेल्या अकरा स्पर्धांत तोच माणूस त्याच ओट्यावर बसलेला आहे.

परवा कुरिअरवाल्याकडे नळीत भरण्याआधी बारावा नकाशा उलगडला. टोपीवाल्याच्या शेजारी आणखी एक जण होता, जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा. मागे स्कूटर, मांडीवर नळी. पोट जरा सढळ हातानं काढलेलं.

"आप्पा, एवढं आहे का माझं?"

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आधी मला न्याहाळलं, मग नकाशाला.

"स्केलमध्ये शे," आप्पा म्हणाले.