सुतात नसलेलं जग

गोंदियाहून नागऱ्याला सायकलीनं यायला फार वेळ लागत नाही. पण वाटेत वेल्डिंगच्या दुकानापाशी थांबलात आणि आत जिगवाले भाऊ भेटले, तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. हा माणूस फक्त नागऱ्यातच सापडतो असं नाही. जिथं राइस मिलचं भंगार मिळतं आणि लाइट अधूनमधून जाते, तिथं तो हमखास असतो. दारं-खिडक्यांच्या ग्रिलवर त्याचं पोट चालतं. जीव मात्र सायकलीत.

"काहून जी भाऊ, सायकल कवा निंगन?" लोक विचारतात.

भाऊ ग्राइंडर बंद करतात, चष्मा कपाळावर चढवतात. "आधी जिग."

जिग म्हणजे फ्रेमच्या नळ्या वेल्डिंग होईस्तोवर जागच्या जागी धरून ठेवणारा लोखंडी घोडा. भाऊंचा घोडा मिलमधून निघालेल्या चॅनलचा आहे. हँडलच्या नळीला दोन्ही टोकांनी दाबायला दोन शंकू, मागच्या चाकाच्या जागी खोटा आस, आणि पायडलचा आस ज्यात फिरतो त्या 68 मिलिमीटरच्या आडव्या नळीसाठी एक बैठक. काळ्या दणकट सायकलीच्या हँडलची नळी साधारण 68 अंशांत कललेली असते, रेसच्या सायकलीची 73 च्या आसपास. हा कोन भाऊंनी लेकीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं लावला. तेव्हापासून भूमितीच्या तासाला ती शेजारणीचा कोनमापक मागते.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारायची चूक करू नये. पण केलीच, तर उत्तर खरं मिळतं. सोनीपतची अ‍ॅटलस 1951 ची, लुधियानाची हीरो 1956 ची. त्यांच्या जुन्या काळ्या सायकलींत नळ्यांची टोकं 'लग' नावाच्या खोबणीत बसवून पितळेनं झाळलेली असत. कोन बराचसा लगच सांभाळायचा. भाऊंना लग नको, नळीला थेट नळी जोडायची आहे. त्यासाठी एका नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईला बसेल असं कानशीनं घासावं लागतं, आणि एवढं करून वेल्डिंग थंड होताना आकसतं ते वेगळंच. एका बाजूनं सलग रॉड फिरवला की नळी त्या बाजूला ओढली जाते. म्हणून आधी चारी बाजूंनी टाके, मग समोरासमोरच्या बाजूंना थोडं थोडं वेल्डिंग. पातळ नळीला करंट जरा जास्त झाला की भोक पडतं. मग भाऊ जे बोलतात ते छापता येत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो सुतानं.

फ्रेम सरळ आहे की नाही, हे पाहायची सोपी रीत आहे. मागच्या आसाच्या एका खाचेला सूत बांधायचं, ते हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत आणायचं आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सारखं भरलं तर फ्रेम सुतात. भाऊंनी ही रीत आधी आपल्या सायकलीवर वापरली, मग शेजाऱ्याच्या, मग दुकानासमोर जो टेकला त्याच्या. पंक्चर काढायला आलेला माणूस फ्रेम तीन मिलिमीटर वाकडी असल्याची खबर घेऊन घरी जाऊ लागला. वीस वर्षं त्याच सायकलीवर धानाचं पोतं बिनघोर वाहून नेणाऱ्या काकांना दुसऱ्या दिवसापासून ती उजवीकडे ओढते असं जाणवायला लागलं. महाशिवरात्रीच्या जत्रेला शिवमंदिराकडे निघालेले लोक दुकानापुढून सायकल जोरात हाकतात. भक्ती असतेच, पण भाऊंच्या हातातलं सूतही दिसतं.

शेवटी फ्रेम निघाली. सुताचं माप दोन्हीकडे सारखं. भाऊंनी ते स्वतः मोजलं, लेकीकडून मोजवलं, उधारी मागायला आलेल्या हार्डवेअरवाल्याकडूनही मोजवून घेतलं. मग चाकं चढली, चिमटा बसला, आणि पहिली चक्कर मारायचा मान रोजच्या दूधवाल्याला मिळाला.

तो वळणापर्यंत जाऊन आला. "बेस हाये जी. पन डावीकडं वढते."

भाऊंनी फ्रेम पुन्हा जिगवर घेतली. फ्रेम सरळ. चिमटा सरळ. चाक फिरवून पाहिलं, तेही सरळ. मग त्यांनी दूधवाल्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि त्याच्या या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत सूत धरलं.