तांडेल, मुक्काम पोस्ट हॅरो

हॅरो हे लंडनचं उपनगर समुद्रापासून चांगलंच आत आहे. तिथे पाणी बघायचं तर कालव्यावर जावं लागतं, आणि कालव्यात बदकं असतात. पण याच हॅरोत, वेम्बलीत, स्लाउमध्ये मराठी तांडेलांची, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्यांची, एक जमात वाढीला लागली आहे. पन्नाशी उलटलेली, घराचं कर्ज फिटत आलेलं, मुलगी विद्यापीठात, आणि गुडघ्यांनी ट्रेकिंगला नकार दिलेला. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीची आरती झाली की हा गृहस्थ प्रसादाची वाटी घेऊन तुमच्या शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, "जूनमध्ये काय करताय?"

इथे सावध व्हावं. सप्टेंबरात जूनची चौकशी करणाऱ्या माणसाला ग्रीसमध्ये शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घ्यायची असते, आणि तो खलाशी गोळा करत असतो.

तांडेल मूळचा पुण्याचा, त्यातही पेठेतला. त्याचा बालपणीचा जलानुभव म्हणजे टिळक टँक आणि आईच्या तोंडून ऐकलेला पानशेतचा पूर. पण विषय निघाला की तो 'आपले कान्होजी' असं म्हणतो, म्हणजे आंग्रे. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून तर याला हा आपल्याच आळीतला व्यवसाय वाटू लागला. दोंदे नौदलातले आणि हा विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला, एवढाच काय तो फरक. तोही त्याला फारसा मान्य नाही.

प्रमाणपत्र मात्र त्याच्याकडे आहे, आणि ते खरं आहे. इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आइल ऑफ वाइट यांच्यामधल्या सोलंटच्या सामुद्रधुनीत एप्रिलच्या गारठ्यात पाच दिवस कुडकुडून त्याने 'डे स्कीपर'चा अभ्यासक्रम पुरा केला. तिथे भरती-ओहोटी जबरदस्त. त्यामुळे कोणत्या बंदरात किती वाजता किती पाणी असेल याची गणितं त्याने रात्र रात्र जागून पाठ केली. पुढे कळलं की भूमध्य समुद्रात, निदान ग्रीसच्या बाजूला, भरती-ओहोटी वीतभर असते. कोणी तिचा हिशोबच करत नाही. हे दुःख तो अजून विसरलेला नाही. ग्रीसची कुठलीही सहल ठरवताना पहिली पंधरा मिनिटं तो श्रोत्यांना भरतीचं गणित समजावतो आणि मग सांगतो की ते इथे लागत नाही.

गाठींचा सराव घरी चालतो. बोलाइन नावाची गाठ म्हणजे या धंद्याची मुळाक्षरं. ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, पुन्हा बिळात शिरतो, असं तोंडाने म्हणत दोरी फिरवायची. दोरी म्हणून पायजम्याची नाडी. रात्री अकराला दिवाणखान्यातून "ससा वर आला... ससा वर आला..." असं ऐकू यायला लागलं की बायको आतून विचारते, "अहो, त्या सशाला झोप नाही का?" आणि सकाळी इस्त्रीच्या ढिगात एकाही पायजम्याला नाडी नसते.

या उद्योगाच्या मुळाशी काय आहे, ते चाणाक्ष वाचकाने ओळखलं असेल. घरात टीव्हीचा रिमोटही त्याच्या हाती लागत नाही. ऑफिसात त्याच्यावर त्याच्या मुलीच्या वयाची मॅनेजर आहे. जगात बोटीची फळी हीच एक जागा अशी उरली आहे की जिथे कायदा म्हणतो, शेवटचा शब्द कप्तानाचा. तेवढ्या एका आठवड्यासाठी तो नऊ महिने एक्सेलचे तक्ते बनवतो.

पण शेवटचा शब्द समुद्रावर. हॅरोत पहिला शब्दही त्याचा नसतो. पहिला शब्द पुण्याहून येतो, मेहुणीचा, आणि तो शब्द म्हणजे सँटोरिनी.

व्हिडिओ कॉलवर एका खिडकीत मेहुणी आणि साडू, दुसरीत आत्या, तिसरीत मंडळातलं जोडपं. मेहुणीला निळ्या घुमटापुढे पांढऱ्या साडीत फोटो काढायचाय. साडी घेऊनही झाली आहे. तांडेल घसा खाकरतो. तिथला वारा मेल्टेमी, तो म्हणतो. उत्तरेकडून येतो, जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस थांबत नाही. अथेन्सहून सँटोरिनीला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. आणि पोचलात तरी नांगर टाकणार कुठे? ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र शिरून ते बेट झालंय, खाली शेकडो मीटर पाणी. साखळी पन्नास-साठ मीटरची.

"मग लांब साखळी घ्या ना," साडू म्हणतो. साडू बँकेतून निवृत्त झालेला आहे आणि कोणत्याही अडचणीवर खर्च वाढवण्याचा उपाय तो सुचवतो, खर्च दुसऱ्याचा असेल तर.

शेवटी ग्रीसची पश्चिम बाजू ठरते: आयोनियन समुद्र. लेफ्काडा, मेगानिसी, केफालोनिया, इथाका. सकाळी पाणी आरशासारखं, दुपारी वायव्येचा वारा सुटतो, संध्याकाळी पडतो. एकीकडून दुसरीकडे जायला तीन-चार तास. जून ठरतो, कारण ऑगस्टात भाडं बरंच चढतं आणि गर्दीत बंदराला जागा मिळत नाही. आत्यालाही जूनच हवा, कारण पुढे चातुर्मास. मग कांदा-वांगं बंद, आणि कांद्या-वांग्याशिवाय ग्रीसमध्ये खाणार काय? वारा, पैसा आणि पंचांग यांचं एकमत होण्याचा हा तांडेलाच्या आयुष्यातला दुर्मीळ प्रसंग. मेहुणीला फोटोसाठी नंतर दोन दिवस फेरीबोटीने सँटोरिनीला न्यायचं कबूल होतं. तक्त्यात एक रकाना वाढतो.

साडूचा पुढचा प्रश्न वेगाचा. पाच-सहा नॉट, म्हणजे तासाला दहाएक किलोमीटर, असं तांडेल अभिमानाने सांगतो. साडू विचार करतो. "म्हणजे स्वारगेट ते हडपसर एक तास. ठीक आहे, इथेही तेवढाच लागतो."

मग कागदपत्रं. ग्रीसमध्ये कप्तानाशिवाय बोट घ्यायची तर एक परवानाधारक पुरत नाही. दुसऱ्या एका माणसाने आपल्याला बोटीचा अनुभव असल्याचं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. नाहीतर भाड्याचा कप्तान घ्या, त्याचे रोजचे पैसे मोजा आणि वर त्याचं जेवण. साडू तातडीने सहीला तयार होतो. पण नाव येतं तांडेलाच्या बायकोचं. नवरा पाच दिवस सोलंटमध्ये एकटा काय दिवे लावतो ते बघायला ती त्याच्याबरोबर गेली होती, आणि नुसतं बसायचं कशाला म्हणून तिनेही खलाशाचा अभ्यासक्रम करून टाकला. प्रशिक्षकाने तिच्या सुकाणूवरच्या हाताचं कौतुक केलं होतं. तक्त्यात याची नोंद नाही.

पुण्याच्या मंडळींच्या शेंगेन व्हिसाच्या अर्जात निवासाचा पत्ता विचारतात. पत्ता काय लिहायचा? बोट. ती कुठे असेल? दर रात्री दुसरीकडे. साडू या उत्तराने आठवडाभर अस्वस्थ असतो. शिवाय बोटीवरच्या माणसांची यादी पासपोर्ट क्रमांकांसह आधी द्यावी लागते आणि ठरलेल्या संख्येवर एक माणूस जास्त चालत नाही. 'आलोच आहोत तर मामांनाही घेऊ' ही आपली हजार वर्षांची परंपरा ग्रीक बंदर खात्यापुढे थिजते.

सूचनापत्रक फेब्रुवारीत निघतं. कडक बॅग आणायची नाही, कारण ठेवायला जागा नाही. घडी होणारी कापडी पिशवी आणावी. केस वाळवायचं यंत्र आणू नये, धक्क्याची वीज जोडल्याशिवाय ते चालत नाही. पेढे, तूप आणू नये, युरोपीय संघाबाहेरून दूधदुभतं आणायला मनाई आहे. आणि कलम सात, संडासाबाबत. बोटीवरच्या संडासाचे पाइप बारीक असतात, त्यामुळे दर्यावर्दी लोकांचा नियम असा की जे आधी खाल्लेलं नाही ते त्यात टाकायचं नाही. कागदसुद्धा नाही, तो वेगळ्या पिशवीत. हे सांगताना तांडेलाचा आवाज खाली येतो.

"कागद लागतो कोणाला?" आत्या म्हणते.

क्षणभर तांडेलाला वाटतं, प्रश्न सुटला. युरोपभरचे कप्तान ज्या एका गोष्टीला वैतागतात ती आपल्या संस्कृतीने आधीच निकालात काढली आहे. मग त्याच्या लक्षात येतं की टाकीत पाणी चारशे-पाचशे लिटर, माणसं आठ, आणि आत्याचं सोवळं. रात्री दीड वाजता तक्त्याला नवं पान जोडलं जातं: 'पाणी, दरडोई'.

या सगळ्यानंतर समुद्र असा फारसा उरत नाही. प्रेवेझाच्या विमानतळावरून लेफ्काडाकडे निघताना तांडेल टॅक्सीतून हात करून दाखवतो: अ‍ॅक्टियमची लढाई इथेच झाली, इसवी सनपूर्व ३१, अँटनी आणि क्लिओपात्रा इथेच हरले. "नियोजन कमी पडलं," तो गंभीरपणे म्हणतो.

खरा बहरतो तो शनिवारी संध्याकाळी, बोट ताब्यात घेताना. कंपनीचा पोरगा यादी पुढे करून सहीची जागा दाखवतो. बाकीचे कप्तान बिअरचा डबा उघडत सही ठोकतात. तांडेल चष्मा बदलतो. चमचे मोजतो. एक काटा कमी निघतो, त्या रिकाम्या जागेचा फोटो घेतो. रबरी फेंडर मोजतो, नांगराची साखळी बाहेर काढायला लावतो, बाहेरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो घेतो आणि त्याशेजारी ओरखड्याच्या मापासाठी पट्टी धरतो. पट्टी घरून आणलेली असते. दोन-तीन हजार युरोंचं डिपॉझिट आहे, आणि साडू रोज सकाळी विचारणार आहे, "ते परत मिळतं ना हो?"

ओडिसियसला ट्रॉयहून इथाकाला पोचायला दहा वर्षं लागली. तांडेलाच्या तक्त्यात इथाका सोमवारी दुपारी १२.४५ ला आहे, आणि १२.४० ला किओनीचं बंदर समोर दिसतं. सगळे म्हणतात, एवढ्या लवकर कशाला, मस्त वारा सुटायला लागलाय. तो ऐकत नाही. तिथली पद्धत अशी की धक्क्यापासून लांब नांगर टाकायचा, बोट उलटी मागे घेत धक्क्याला पाठ लावायची आणि मागचे दोन दोर बांधायचे. धक्क्यावरचे सगळे प्याले हातात घेऊन तुमची फजिती बघायला बसलेले असतात. पहिल्या खेपेला बोट तिरकी जाते. दुसऱ्या खेपेला बायको म्हणते, "अहो, तुम्ही नांगर बघा," आणि सुकाणू हातात घेते. बोट सरळ जाऊन लागते. तांडेल पुढच्या टोकावर साखळी मोजत असतो, आणि मला वाटतं, त्या क्षणी तो मनातून सुखी असतो. मोजायला काहीतरी मिळालं की त्याला अधिकाराची आठवण राहत नाही. साडेचारला वारा जोरात येतो, उशिरा आलेल्या तीन बोटी जागेसाठी गरगर फिरत राहतात, एकीची साखळी दुसरीच्या साखळीत अडकते, आरडाओरडा होतो. आपली आठ माणसं चहा पीत असतात.

आत्याला तोवर गावातल्या दुकानात घट्ट ग्रीक दही सापडलेलं असतं. चमचा उभा राहतो हे बघून ती म्हणते, "अगं, हा तर चक्काच!" तांडेलाची लेक साखर आणायला पळते. मग आत्या तिथलंच लोणी आणून दोन बर्नरच्या त्या झुलत्या शेगडीवर कढवायला घेते. कढत्या तुपाचा वास किओनीच्या बंदरभर पसरतो, शेजारच्या बोटीवरचे जर्मन उठून उभे राहतात आणि चौकशीला आलेल्यांना वाटीभर श्रीखंड मिळतं. ही एकच गोष्ट तक्त्यात नव्हती, आणि पुण्याला परतल्यावर लोक हीच सांगतात.

शुक्रवारी संध्याकाळी बोट तळावर परत. पाणबुड्या खाली जाऊन तपासून येतो. नवा ओरखडा नाही. कंपनीचा पोरगा काट्याचा विषय काढतो. तांडेल शनिवारचा फोटो काढून दाखवतो. डिपॉझिट पूर्ण परत.

तेव्हा असा तांडेल प्रसादाची वाटी घेऊन शेजारी बसला तर टाळू नका. माणूस कंटाळवाणा आहे, पण समुद्रावर हौशी मित्रापेक्षा कंटाळवाणा मित्र बरा. वाऱ्याबाबत त्याचं ऐका, धक्क्याला लागताना त्याच्या बायकोचं, जेवणाबाबत आत्याचं. आणि आगाऊ रक्कम नाताळाच्या आत भरून टाका. लवकर ठरवणाऱ्यांची सवलत हुकली तर ते तो तुम्हाला पुढच्या गणपतीपर्यंत ऐकवेल.