परसातल्या कोंबड्या, मुक्काम बेडोक

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या कातडीत घर्मग्रंथी नसतात, पिसांचा जामानिमा बारा महिने अंगावर असतो आणि ती ठणठणीत असतानाच तिचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस भरते. माणसाच्या तापमापकावर हा आकडा दिसला तर घरातले लोक मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या सोडून थेट रुग्णवाहिका बोलावतात. कोंबडी त्याच तापमानात किडे शोधत हिंडते. अंगातली जादा उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच वाटा आहेत. पहिली वाट तुऱ्याची आणि गळ्याखालच्या लाल लोंबत्या कातडीची. तिथे रक्त आणि वारा यांच्यामध्ये पिसे येत नाहीत. पंखांखालची कातडीही उघडीच, म्हणून उकाड्यात कोंबडी पंख अंगापासून दूर धरून उभी राहते, खादीचे जाकीट नवे शिवलेल्या पुढाऱ्यासारखी. दुसरी वाट म्हणजे चोच उघडून धापा टाकणे. घशातल्या ओलाव्याची वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. पहिली वाट हवा अंगापेक्षा बरीच थंड असेपर्यंत चालते, दुसरी हवा कोरडी असेपर्यंत.

वाळवंटातले कोंबडीपालन या दुसऱ्या वाटेवर उभे आहे. ॲरिझोनात खुराड्यावर फवारे सोडतात, राजस्थानात ओले गोणपाट टांगतात आणि विदर्भात माणसासाठी शोधलेला कूलर कोंबडीलाही लागू पडतो. नागपुरात मे महिन्यात पारा 44 वर असताना हवेत ओलावा इतका कमी असतो की वाळ्याच्या ताट्यातून आलेला झोत पंधरा-एक अंशांनी थंड लागतो. तोच कूलर बदलीच्या सामानाबरोबर मुंबईला आला की आठवड्याभरात गॅलरीत जातो आणि त्यात कांदे-बटाटे ठेवले जातात. बेडोक या बाबतीत मुंबईची थोरली बहीण आहे.

सिंगापूर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे बेडोक विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. सिंगापुरात नोंदलेले सर्वाधिक तापमान 37 अंश. ते 1983 मध्ये तेंगाहला आणि पुन्हा 13 मे 2023 रोजी आंग मो किओला गाठले गेले. हा विक्रम ऐकून चंद्रपूरकर स्वेटर शोधायला उठेल. पण इथे दुपारी 32 आणि रात्री 25 हा खेळ बाराही महिने चालतो, आणि हवेतली आर्द्रता सरासरी 80 टक्क्यांच्या वर राहते. थरच्या वाळवंटातल्या कोंबडीला रात्री हुश्श म्हणता येते, बेडोकच्या कोंबडीला ती सोय नाही. ती धाप टाकते, पण हवा आधीच पाण्याने भरलेली. घशातल्या वाफेला जायला जागाच नसते. अशा हवेत खुराड्यावर फवारा मारणे म्हणजे दुसरी वाटही स्वहस्ते बंद करणे. बेडोकमध्ये खुराड्याला वारा द्यायचा असतो. चारही बाजूंना जाळी, वर उंच छप्पर, एक साधा पंखा आणि दाटी अजिबात नाही, एवढ्यावर बरेच भागते. छपराच्या बाबतीत मराठी गणित मात्र थोडे चुकते. महाराष्ट्रात सूर्य वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा त्या अंगाला वळचण लांब ठेवली की काम झाले. बेडोकला तो साधारण अर्धे वर्ष उत्तरेकडून जातो. त्यामुळे दोन्ही अंगांना वळचण लागते आणि सुतार दोन्हींचे पैसे घेतो.

पाण्याचे प्रकरण नाजूक आहे. अंड्यावरची कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटर पाणी पिते, उकाड्यात त्याच्या दुप्पट. पसरट ताटात पाणी ठेवले तर ती त्यात पाय बुडवून उभी राहते; पाय उघडे असल्याने तेवढाच गारवा. ही युक्ती जगभर चालते. सिंगापुरात मात्र साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूचा डास, आणि राष्ट्रीय पर्यावरण संस्थेचे निरीक्षक घराघरांतून कुंडीखालच्या बशा तपासत फिरतात, अळी सापडली की दंड करतात. कोंबडीचे पाय गार व्हावेत म्हणून पाणी ठेवले होते, हे स्पष्टीकरण खरे असूनही पटवायला अवघड जाते. ताट रोज रिकामे करून घासणे हाच त्यावर उपाय, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो.

खाण्याचे वेळापत्रक उपास करणाऱ्यांना ओळखीचे वाटेल. दाणे पचवताना अंगात उष्णता तयार होते आणि ती काही तासांनी वर येते. म्हणून पोटभर जेवण पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी फार तर कलिंगडाची फोड. फार धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, अंड्याच्या कवचाला लागणारा कार्बोनेट अपुरा पडतो आणि कवच पापुद्र्याइतके पातळ होते. शिंपल्यांचा चुरा इथे पुरा पडत नाही, कारण तुटवडा चुन्याचा नसून वायूचा असतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी 1980च्या दशकात अशा कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजले आणि कवचे सुधारली. बेडोकच्या परसात हा प्रयोग कोणी करत असेल तर कोंबडीला ढेकर येते का, याचीही नोंद ठेवावी.

आता वादळ. महाराष्ट्रात वळीव हा कौतुकाचा विषय आहे. वर्षातून चार-सहादा येतो, मातीचा वास देतो, आंबे पाडतो. सिंगापुरात वर्षातले 160हून अधिक दिवस गडगडाटाचे असतात, त्यामुळे कौतुक परवडत नाही. कोंबड्यांच्या दृष्टीने खरा पाहुणा म्हणजे सुमात्रा स्क्वॉल. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात रात्री सुमात्रा बेटावर आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवर ढगांची रांग उभी राहते, पहाटेच्या सुमाराला सिंगापूरवर येते, ताशी 40 ते 80 किलोमीटरचे झोत सोडते आणि तास-दोन तासांत निघून जाते. तेंगाहला 25 एप्रिल 1984 रोजी झोताचा वेग ताशी 144.4 किलोमीटर नोंदला गेला. रांग पश्चिमेकडून येत असल्याने बेडोकचा नंबर शेवटचा. तुआसला पाऊस सुरू झाल्याचे मोबाइलवरच्या नकाशात दिसल्यापासून बेडोकच्या माणसाला अर्धा-पाऊण तास मिळतो. या वेळात ताडपत्री शोधायची, ती गेल्या वेळी कोणी कुठे ठेवली यावर घरात चर्चा करायची आणि पायजमा सावरत बांधायची. कोंबडी मदत करत नाही. अंधारात तिला फारसे दिसत नाही, म्हणून ती दांडीवर बसूनच सगळी धावपळ ऐकते. ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट बांधली की वारा कोंडतो आणि वादळ सरल्यावर आत वाफारा सुरू होतो. वाऱ्याची एकच बाजू झाकावी आणि उजाडताच सोडावी.

पावसाने होणारे नुकसान नंतर कळते. खाली पसरलेला भुसा भिजला की विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, कॉक्सिडिया नावाचे परजीवी फोफावतात आणि उघड्या पोत्यातल्या मक्याला बुरशी धरते. भुसा त्याच दिवशी काढावा लागतो. उद्यावर टाकला तर उद्या पुन्हा पाऊस असतो. सिल्की जातीची कोंबडी पाळणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. तिच्या पिसांना एकमेकांत अडकणारे आकडे नसल्याने ती कापसासारखी दिसते आणि कापसासारखीच भिजते. ही जात सिंगापुरात लाडकी आहे, परसात आणि सूपमध्ये.

बेडोकमध्ये कोंबडी पाळू शकणारे लोक थोडेच. सिंगापूरच्या दर दहा रहिवाशांपैकी सुमारे आठ जण सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांत राहतात आणि तिथे कोंबड्यांना मनाई आहे. बेशोअरच्या बाजूला उंच इमारतींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा परसाशी संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. स्वतःची जमीन असलेल्या घरात मात्र घरगुती वापरासाठी 10 पर्यंत कोंबड्या ठेवता येतात, त्याही रानपक्षी शिरणार नाहीत अशा बंदिस्त जागेत, बर्ड फ्लूच्या धास्तीने. जाळीचा दुसरा उपयोगही मोठा आहे: सिगलाप आणि ऑपेरा इस्टेट भागातल्या कौलांवरून उदमांजरे हिंडतात आणि गटारांतून अजगर येतात. दोघांनाही कोंबडीची चव कळते.

ऑपेरा इस्टेटमधल्या रस्त्यांची नावे आयडा, कार्मेन, टोस्का, फिगारो अशी आहेत. पण तिथेही कोंबड्याच्या गायनाला रसिक मिळत नाहीत. नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले की कोंबडा उजेड पाहून आरवत नाही. त्याच्या अंगातच घड्याळ असते आणि तो उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधी सुरू करतो. सिंगापुरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे मैफल पाचला. सरकारने 1 जानेवारी 1982 रोजी घड्याळे अर्धा तास पुढे केली नसती तर ती साडेचारला झाली असती, पण याबद्दल शेजारी सरकारचे आभार मानत नाहीत. या शहरात कोकिळेच्या ओरडण्याविरुद्धसुद्धा तक्रारी होतात. मराठी कवींनी दीडशे वर्षे जिची आळवणी केली तिची ही गत, मग कोंबड्याला कोण विचारतो. सिन मिंग भागातल्या मोकाट कोंबड्यांबद्दल 2016 मध्ये 20 तक्रारी गेल्या आणि 2017च्या सुरुवातीला त्यातल्या 24 कोंबड्या मारण्यात आल्या. त्यावर जो गदारोळ झाला तो कोंबड्यांच्या आवाजापेक्षा मोठा होता.

सुदैवाने अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो. म्हणून बेडोकच्या परसांत शहाणी माणसे माद्याच ठेवतात. इथला दिवस वर्षभर बारा तासांचाच, आणि भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा तासांहून अधिक उजेड हवा असतो. तेव्हा अंडी मध्यम येतात, पण हिवाळ्यात बंदही पडत नाहीत. अंडे घातल्यावर कोंबडी पाच-दहा मिनिटे त्याचा गाजावाजा करते. तो बहुधा सकाळी, ऑफिसची मंडळी बाहेर पडल्यावर होतो. घरात उरलेल्या शेजाऱ्यांकडे आठवड्याला अर्धा डझन अंडी पोचवली की तक्रार सहसा येत नाही.