आफ्रिकावाले आण्णा

श्रीपूरसारख्या साखरेच्या गावात एक तरी आफ्रिकावाले आण्णा सापडतातच. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना इथं आला आणि पोरं बाराखडीआधी मळीचा वास ओळखायला लागली. साखर शिजवायच्या पॅनवर हात बसलेला माणूस केनिया-युगांडातल्या कारखान्यांनाही हवा असतो. आण्णा तसेच गेले. तोवर त्यांचं परदेश म्हणजे अकलूजचा बाजार.

बरोबरचे शिकलेले केमिस्ट मराठी मेसमध्ये पिठलं खाऊन परतले. त्यांचं स्वाहिली 'हराका हराका'च्या, म्हणजे 'लवकर लवकर'च्या, पुढं सरकलं नाही. हुकूम सोडायला तेवढं पुरतं म्हणा. पण आण्णांना तंबाखू मळता मळता गप्पा लागतात, आणि त्या हुकमानं होत नाहीत.

सुरुवात गोड झाली. साखर म्हणजे 'सुकारी'. आपली शर्कराच, अरबांकडून फिरून आलेली. दुकान 'दुका', गाडी 'गारी', हिशेब 'हेसाबू', चहा तर 'चाई'! "ही तर आपलीच भाषा, जरा उन्हात वाळलेली," आण्णांनी जाहीर केलं. आणि त्याच जोरावर मिशीवाल्या फोरमनच्या खांद्यावर हात टाकून त्याला 'दादा' म्हणाले.

स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण.

सगळं बॉयलिंग हाऊस हसलं. भावाला तिकडं 'काका' म्हणतात, आईला 'मामा'. हे पचतंय तोवर ड्यूटी 'दोन वाजता' असल्याचं कळलं. आण्णा भर दुपारी डबा घेऊन हजर. पाळी सकाळी आठलाच लागलेली! स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, सातला एक म्हणतात. बोलणी खाऊन झाल्यावर आण्णा म्हणाले, "म्हंजे आमच्या आजीच्या घटकाच की!" त्या दिवसापासून त्यांना भाषा येऊ लागली, असं माझं मत.

आता आण्णा गावी परतलेत, कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर असतात. गव्हाणीकडं निघालेल्या ट्रॅक्टरला 'पोले पोले', हळू हळू, म्हणून हात करतात. भाच्यानं 'मामा' अशी हाक मारली की हमखास विचारतात, "आई म्हणतोस व्हय मला?" भाचा आता चाळिशीचा आहे, तरी हसतो बिचारा.

तुम्हाला त्यांनी घरी बोलावलं तर जरूर जा, पण वेळ नीट विचारून घ्या. दोनला या म्हणाले, तर आठला जायचं.