मोबाईल काढून घेतला. माणूस दिला का?

पोरांच्या मनाची काळजी हा विषय निघाला की आपल्याकडे पहिली मागणी ठरलेली असते: मोबाईल काढून घ्या. शिक्षक हेच म्हणतात, पालकसभेत पालक हेच म्हणतात आणि सत्काराला आलेले पाहुणेही हेच सांगून जातात. शाळेच्या वेळेत मुलांच्या हातात मोबाईल नको, हे मलाही मान्य आहे. पण मोबाईल काढून घ्यायला एक कपाट आणि एक कुलूप पुरतं. मुलाचं ऐकून घ्यायला माणूस लागतो, आणि तो माणूस आपण दिलेला नाही.

आधी आकडे बघू. 'असर' या शिक्षण-पाहणीचा 2024 चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे. 14 ते 16 वयाच्या जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि 82 टक्के मुलांना तो वापरता येतो. या वापरणाऱ्यांपैकी 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी हाताळला, तर 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमांवर वावरणाऱ्या या मुलांपैकी नकोशा माणसाला ब्लॉक कसं करायचं हे 62 टक्क्यांनाच ठाऊक होतं. म्हणजे दहातली जवळजवळ चार पोरं दार कसं लावायचं हे न शिकताच त्या गर्दीत राहतात. शाळेत मोबाईल बंद ठेवून हे शिक्षण होत नाही. ते कुणीतरी शेजारी बसून द्यावं लागतं.

आता आपल्या अकोले तालुक्याकडे या. कळसूबाईच्या पायथ्यापासून हरिश्चंद्रगडाच्या कुशीपर्यंत वाड्या-पाडे विखुरलेले आहेत. भात निघालं की कितीतरी आईबाप मजुरीसाठी नारायणगाव, आळेफाट्याकडे जातात. पोरं मागे राहतात, कुणी आश्रमशाळेत तर कुणी आजीपाशी. अशा पोरासाठी मोबाईल म्हणजे नुसते रील नाहीत, आईचा आवाजही त्यातूनच येतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याला रात्र-रात्र मोबाईल मिळतो आणि शाळा उघडली की एका दिवसात तो बंद होतो. सुट्टीत कुणी अनोळखी माणसाने फोटो मागितला असेल, कुणी धमकावलं असेल, किंवा नुसती घरची आठवण छळत असेल, तर ते पोर कुणाला सांगणार?

आश्रमशाळेतली पदं आपल्याला माहीत आहेत. मुख्याध्यापक, शिक्षक, अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार. मुलाच्या मनातलं ऐकणं हे यांच्यापैकी एकाचंही मुख्य काम नाही. अधीक्षिकेने दिवसभर साठा नोंदवही, जेवण, आजारी मुली आणि कार्यालयाला द्यायची माहिती सांभाळायची आणि रात्री रडणाऱ्या पोरीचं दुःखही समजून घ्यायचं, ही अपेक्षा तिच्यावरही अन्याय करणारी आहे.

वर्गातल्या शिक्षकांची स्थिती वेगळी नाही. पोषण आहाराची माहिती भरा, हजेरी टाका, उपक्रमाचे फोटो पाठवा. मुलांनी मोबाईल सोडावा असं सांगणाऱ्या शिक्षकाला शासनाने स्वतःच मोबाईलला बांधून ठेवलं आहे. ही कामं कमी केली तर शिक्षकाला पोरांच्या चेहऱ्याकडे बघायला वेळ मिळेल. कोण आठवडाभर गप्प आहे, कुणाचं जेवण कमी झालं आहे, हे सर्वांत आधी शिक्षकाच्याच लक्षात यायला हवं.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत स्पष्ट निर्देश दिले आहेत. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे. 'टेली-मानस'सारख्या हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात आणि वर्गात ठळक लावायचे आहेत. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी आश्रमशाळांत शंभराहून जास्त मुलं राहतात. त्यामुळे हा निर्देश मोठ्या शहरांतल्या शिकवणी वर्गांपुरता आहे असं समजून राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने किंवा संस्थाचालकांनी निवांत बसू नये.

नंबर लावणं सर्वांत सोपं, म्हणून ते सर्वांत आधी होईल. 14416 हा टेली-मानसचा, 1098 हा मुलांच्या मदतीचा आणि 1930 हा ऑनलाइन फसवणुकीचा नंबर. तिन्ही उपयोगाचे आहेत. पण ज्या मुलाकडून फोन काढून घेतला, त्याला भिंतीवरचा फोन नंबर दाखवणं ही मदत होत नाही. म्हणून प्रत्येक वसतिगृहात मुलांना वापरता येईल असा एक फोन हवा, आणि तो अधीक्षकांच्या टेबलावर नको. चार लोकांच्या देखत कुणीही पोर मनातलं बोलत नाही. आठवड्यातून ठरलेल्या वेळी आईशी बोलणं हा त्या मुलाचा हक्क मानला पाहिजे, चांगल्या वागणुकीचं बक्षीस नव्हे.

माणसं आणायची कुठून, असं विचारलं जाईल. न्यायालयाच्या यादीत सामाजिक कार्यकर्ताही आहे. एमएसडब्ल्यू झालेली, ठाकरी बोली समजणारी, आपल्याच भागातली तरुण मुलं-मुली शोधा. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेला स्वतंत्र माणूस मिळणार नाही हे उघड आहे. मग केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून एक द्या आणि त्याचे वार ठरवा. शासकीय आरोग्यसेवेत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत, त्यांच्याशी शाळा जोडा. पैशाचाही मार्ग आहे. तालुक्यातल्या पेसा कायद्याखालच्या गावांना आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि आरोग्य-शिक्षणावर तो खर्च करता येतो. शासनाने पद भरेपर्यंत ग्रामसभा त्यातून सुरुवात करू शकते. एक रस्ता थोडा उशिरा झाला तरी चालेल.

आणि आपण पालक? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये ठरवलं की संध्याकाळी 7 ला भोंगा वाजला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद. हा नियम मोठ्यांनाही लागू होता, आणि त्याचं बळ त्यातच आहे. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदी केली. हेतू दोन्हीकडे चांगला. पण ज्या घरात बाप जेवताना रील बघतो, तिथे पोरावरची बंदी फार टिकत नाही. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद करायला लावली, पण दंड कंपन्यांना ठेवला, मुलांना नाही. जबाबदारी मोठ्यांनी उचलायची असते, एवढं तिथल्या कायद्याला कळलं आहे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत मोबाईलबंदीच्या ठरावावर हात वर करण्याआधी थांबा. त्याच ठरावात आणखी दोन ओळी लिहून घ्या: आमच्या शाळेत मुलांचं ऐकायला प्रशिक्षित माणूस कोणत्या तारखेपासून येणार, आणि वसतिगृहातल्या मुलांना एकांतात बोलता येईल असा फोन कोणत्या तारखेपासून मिळणार. तारीख लिहिल्याशिवाय सही करू नका.