गूळ फुफ्फुसात उतरत नाही

शेठ,

हे पत्र उघडं लिहितोय, कारण बंद केबिनमध्ये तीनदा बोलून झालं. तिन्ही वेळा तुम्ही ड्रॉवर ओढलात, निळ्या मास्कचा खोका माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "हे काय, दिलेत की!"

दिलेत, पण काय दिलेत ते ऐका. ऑपरेशन करताना डॉक्टरच्या तोंडातले शिंतोडे पेशंटच्या जखमेवर उडू नयेत म्हणून तो मास्क असतो. सँडरची धूळ अडवायला तो कुणी बनवलेलाच नाही. गालाजवळ त्यात माझं बोट आरामात जातं, आणि श्वास ओढला की हवा नेमकी तिथूनच आत येते. वॉर्डरोबच्या दोन दारांमध्ये 2 मिलिमीटरची फट राहिली तर तुम्ही मिस्त्रीला सगळ्यांदेखत झापता. माझ्या गालाजवळची बोटभर फट अकरा वर्षांत तुम्हाला एकदाही दिसली नाही.

वर संध्याकाळी साडेपाचला गुळाचा खडा. "गूळ खा, धूळ खाली उतरते." हे तुमच्या वडिलांपासून चालत आलंय आणि आम्हीही हात पुढे करत आलो. शेठ, गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात. घशाच्या खाली दोघांच्या वाटा वेगळ्या. गूळ द्यायचा तर द्या, दिवसभर उभं राहिल्यावर बरा लागतो. पण मास्कच्या हिशेबात तो धरू नका.

आता "लाकूडच आहे, विष थोडंच आहे" या तुमच्या वाक्याकडे येतो. गेल्या आठवड्यात एमडीएफचे शटर घासून झाले, मशीन बंद करून आम्ही चहाला गेलो. अर्ध्या तासानं परत आलो तर पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली होती आणि तिच्यात धूळ तशीच तरंगत होती. जी चमकत होती ती त्यातल्या त्यात जाडी. रंध्याचा भुसा पायाशी पडतो, त्याची मला चिंता नाही. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे कण 5 मायक्रॉनच्या आतले, ते डोळ्यांना दिसतच नाहीत. शॉप झाडून लख्ख केलं की तुम्हाला वाटतं धूळ गेली. कोरड्या झाडूनं ती फक्त पुन्हा हवेत उडते.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव आहे, खुर्च्या बनवण्यासाठी प्रसिद्ध. तिथे नाकाच्या आतला एक दुर्मीळ कॅन्सर फर्निचर कामगारांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतोय, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि 1968 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. ते लोकही लाकूडच घासत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 साली लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांच्या गटात. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. तुम्ही शॉपमध्ये "धूम्रपान करू नये" अशी पाटी लावलीत आणि तिच्या खालीच सँडरचं टेबल टाकलंत.

पत्र्याच्या पलीकडे ग्राइंडिंग. एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, रेलिंगवर फ्लॅप डिस्क मारणारा तो गाझीपूरचा पोरगा रोज संध्याकाळी नळावर नाक शिंकरतो. एकदा मी शेजारीच उभा होतो. आधी काळं पाणी आलं, मग राखाडी, मग थोडं लाल. त्यानं ते पायानं सारवलं आणि हसला. बावीस वर्षांचा आहे. त्या 304 ग्रेडच्या पाइपात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, आणि त्याच पाइपाच्या वेल्डिंगचा धूर शेजारून त्याच्याकडेच येतो. जुनी गेटं दुरुस्तीला येतात तेव्हा तर मला धडकी भरते. खरवडल्यावर आत शेंदरी थर निघाला तर तो शिशाचा असू शकतो, मारुतीला वाहतात तो अस्सल शेंदूरही शिशाचाच असतो. त्यावर तो पोरगा तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवतो.

तुम्ही म्हणाल, मग आणायचं काय ते सांग. सांगतो, विचारलं नाहीत तरी.

लाकडासाठी कमीत कमी एन 95 किंवा एफएफपी 2. एन 95 म्हणजे 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे, अडवायला सगळ्यात अवघड असलेले कणसुद्धा शंभरातले निदान 95 अडवणारा. पाकिटावर आयएस 9473 आणि आयएसआयचा शिक्का बघून घ्या, स्टेशनबाहेरच्या ढिगातला नको. पट्टे डोक्यामागून जाणारे हवेत, कानात अडकवायचा मास्क तेवढा आवळून बसत नाही. एसएस आणि जुन्या रंगासाठी रबरी अर्धा मास्क आणि त्याला पी 100 चे फिल्टर, ते 99.97 टक्के कण धरतात. मास्क कित्येक वर्षं टिकतो, बदलायचे फक्त फिल्टर. पॅनेल सॉच्या एका चांगल्या ब्लेडच्या पैशात येतो. ब्लेड बोथट झालं की तुम्ही त्याच दिवशी माणूस धाडता.

आणि सगळ्यांना एकाच मापाचा आणू नका. रबरी मास्क लहान, मध्यम, मोठा असा मिळतो, ज्याचा त्यानं चेहऱ्याला लावून बघायचा. फिल्टरवर तळवे दाबून श्वास आत ओढायचा, मास्क गालाला चिकटला आणि कडेनं हवा आली नाही तर तो बसला. नाकाशी गार झुळूक लागली तर तो मास्क त्या माणसाचा नाही, कितीही महागाचा असो.

पॉलिशवाल्याचं वेगळं. थिनरची वाफ म्हणजे कण नाहीत, ती कणाच्या फिल्टरमधून सरळ आत जाते. त्याला कोळशाचं कार्ट्रिज लागतं. गेल्या दिवाळीत तुम्ही त्याला एक एन 95 दिलात. तो त्यानं दर रविवारी साबणानं धुऊन तारेवर वाळत घातला, माझ्या डोळ्यांदेखत. त्या मास्कच्या मधल्या थरात विजेचा भार भरलेला असतो, बारीक कण त्यानंच ओढून धरले जातात. साबणानं तो भार जातो, उरतं ते नुसतं कापड. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं, मी शोधून वाचलं.

पण नुसते मास्क आणून सुटू नका. नीट बसलेल्या अर्ध्या मास्कनं श्वासातली धूळ दहाव्या हिश्श्यावर येते असं अमेरिकेचे नियम धरतात. आपल्या शॉपच्या हवेचा दहावा हिस्सासुद्धा खूप आहे. भिंतीवरचा एक्झॉस्ट पंखा माणसाच्या पाठीमागे आणि डोक्याच्या वर आहे, म्हणजे मशीनवरची धूळ त्याच्या नाकावरून ओढत नेतो. जिथे धूळ उठते तिथेच पाइप लावून ती ओढायला हवी. ही माझी मागणी नवी नाही, 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 14 व्या कलमात तेच लिहिलं होतं. आणि कृपा करून लाकूड आणि ग्राइंडिंग, दोन्हीकडे एकच व्हॅक्यूम फिरवणं बंद करा. भुशानं भरलेल्या पिशवीत ग्राइंडरची एक ठिणगी गेली तर आत ती तासन् तास धुमसते, आपण शटर ओढून घरी गेल्यावर पेटते.

मास्क घातला तर गरम होतं, पोरं काढून ठेवतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मे महिन्यात पत्र्याखाली मलाही गुदमरतं. म्हणून झडप असलेला आणा, म्हणून दर तासाला दहा मिनिटं बाहेर सोडा. ती दहा मिनिटं तुम्ही पगारातून कापता, म्हणून ती पोरं मास्क काढून हात चालवतात.

राहिली दाढी. मास्कच्या कडेखाली केस आले की फट पडते, दोन दिवसांचे खुंटही पुरतात. आपल्यातला एक जण धर्मापायी दाढी ठेवतो, त्याला काढ म्हणू नका. त्याच्यासाठी बॅटरीच्या पंख्यानं गाळलेली हवा सोडणारा सैल टोप मिळतो, महाग आहे, तरी तोच आणा. माझी दाढी मात्र नुसत्या हौसेची, लग्नाच्या आधीपासूनची. ती मी काल रात्री काढली. बायको ओळखेना. उद्या आठला कामावर येतोय, मला मध्यम मापाचा लागेल.

तुमच्या शॉपमधला,
सुतार