खाचेची जहागीर

जयपुरात मराठी माणसाची ओळख झाली की चहाच्या आधी चौथ येते. "आपके होलकर-सिंधिया तो हमसे वसूली करके गए थे," असं समोरचा हसत हसत म्हणतो, आणि वसुलीची वही अजून आपल्याच कपाटात असल्यासारखे आपणही ओशाळं हसतो. वाद घालून उपयोग नसतो. अठराव्या शतकात आपल्या फौजा इथे आल्या, पैसे मागितले आणि पैसे मिळेपर्यंत हलल्या नाहीत, हे खरंच आहे. जानेवारी १७५१ मध्ये शहरात शिरलेल्या मराठ्यांवर वेशी बंद करून जयपूरकरांनी त्याची जी परतफेड केली, तीही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तेव्हा फिटंफाट झाली असं समजू.

दराचा मुद्दा मात्र उरतो. चौथ म्हणजे चौथा हिस्सा. वर सरदेशमुखीचे दहा टक्के. सगळं धरून पस्तीस. एवढ्यावर आपली अडीचशे वर्षं बदनामी चालू आहे. आता शेजारी हा हिशेब ठेवा: नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स सिरीज एस हा धाकटा कन्सोल आणला, अमेरिकेत किंमत २९९.९९ डॉलर. त्याच्या पाठीमागच्या खाचेत बसणारं एक टीबीचं एक्स्पान्शन कार्ड सीगेटने काढलं, किंमत २१९.९९ डॉलर. यंत्र तीनशेचं आणि त्याचं फडताळ दोनशेवीसचं! टक्केवारी निघते ७३, म्हणजे जवळजवळ तीन चौथ. असा आकडा सांगितला असता तर मल्हाररावांच्या कारकुनाने बोरू खाली ठेवून विचारलं असतं, "सरकार, एकदा पुन्हा बघता का?"

बरं, हे फडताळ घ्यावं का लागतं? कारण खोक्यावर ५१२ जीबी छापलेलं असतं आणि गेमसाठी हातात पडतात ३६४. बाकीची जागा यंत्राची स्वतःची व्यवस्था खाते. म्हणजे खोकं फोडायच्या आत चौथाईहून जास्त वसूल. पुरंदरच्या तहात मिर्झाराजे जयसिंगांनी आपल्याकडून २३ किल्ले घेतले, पण १२ राखले ते कागदावर मोजून लिहिले होते. इथे खोक्यावर पस्तीसही आपलेच म्हणून छापतात आणि घरी येऊन मोजावं तेव्हा तह कळतो. त्यात कॉल ऑफ ड्यूटीसारखा एकेक गेम असा, की २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरने कन्सोलवर अपडेट गिळत गिळत दोनशे जीबीची वेस ओलांडली. ३६४ मध्ये दोनशेचा पाहुणा! घरच्यांनी गच्चीवर झोपायचं.

आमचा जयपूरचा भाचा या विषयातला मुत्सद्दी. त्याचं म्हणणं, "मामा, साधी हार्ड डिस्क यूएसबीला लावता येते की." येते ना. पण अट ऐका. नव्या पिढीचे गेम त्या डिस्कवर ठेवता येतात, खेळता येत नाहीत. खेळायचं म्हटलं की आधी आतल्या जागेत किंवा त्या कार्डावर उतरवून घ्यायचे.

ही अट जयपूरच्या चारदीवारीत उभं राहून ऐकली की तिची खरी मजा कळते. हे शहर सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवायला घेतलं. आखणीत विद्याधर भट्टाचार्य होते. नऊ चौकड्यांची मांडणी, सरळ रस्ते, रस्ते मिळतात तिथे चौपड, आणि मुख्य बाजारांतल्या दुकानांचे दर्शनी भाग एका मापाचे. आज जोहरी बाजारात जडाव बघा, त्रिपोलियात पितळेची भांडी बघा, किशनपोलला काहीही बघा, दुकानाचा मालक बदलतो, माल बदलतो, कमान तीच. गुलाबी रंग नंतरचा, १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले तेव्हाचा. माप मात्र पहिल्यापासूनचं. युनेस्कोने २०१९ मध्ये या परकोट्याला जागतिक वारशात घेतलं तेही या एकसारखेपणाचं कौतुक करूनच. राजा सर्वसत्ताधीश, त्याला विचारणारं कोणी नाही, तरी त्याने ठरवलं काय, तर सगळ्यांना एक माप.

समजा हेच शहर एखाद्या कन्सोल कंपनीने वसवलं असतं. सांगानेरहून छापील कापडाची गाडी वेशीवर आली असती. दरवानाने आधी चाकं पाहिली असती. "ही चाकं चालायची नाहीत. राजवाड्यात मिळतात ती लावून या." गाडीवान म्हणाला असता, "अहो, लाकूड तेच आहे, धावही तीच, फक्त शिक्का नाही." दरवान म्हणाला असता, "शिक्क्याचेच तर पैसे." मग फार रडारड केल्यावर थोडी सवलत: माल वेशीबाहेर हवा तितका ठेव, कोणी हात लावणार नाही. विकायचा असेल त्या दिवशी एकेक गठ्ठा डोक्यावरून आत आण, आणि आत जागा नसेल तर आतला एक गठ्ठा आधी बाहेर नेऊन टाक. भाच्याची यूएसबी डिस्क ती हीच.

कंपनीची बाजूही मांडायला हवी, नाहीतर सदर एकतर्फी होतं आणि पत्रं येतात. कार्ड लावायला अक्कल लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पाठीमागे खुपसलं की झालं, स्क्रू नाही, पाना नाही. आजोबासुद्धा लावू शकतात. वेग आतल्या साठवणीच्या बरोबरीचा. आणि २०२० च्या शेवटी तितक्याच दमाची चौथ्या पिढीची एसएसडी बाजारात घ्यायला गेलात तर तीही काही फुकट मिळत नव्हती, किमती आजूबाजूलाच होत्या. तेव्हा पहिल्या दिवशी कोणी दरोडा घातला असं म्हणता येणार नाही.

गंमत पुढे आहे. साध्या एसएसडी दहा-वीस कंपन्या करतात. त्या एकमेकींचे गळे धरत राहिल्या आणि २०२३ पर्यंत भाव गडगडत खाली आले. कार्ड मात्र २१९.९९ च्या पाटावर मांडी ठोकून बसलं होतं. त्याला उठवणार कोण? खाच एकाची, कार्ड एकाचं. मग २०२३ च्या उन्हाळ्यात वेस्टर्न डिजिटलला त्या खाचेचं कार्ड करायची परवानगी मिळाली, त्यांनी एक टीबी १४९.९९ ला ठेवलं, आणि काय चमत्कार, सीगेटचं कार्डही १४९.९९ ला आलं! अडीच वर्षं ज्या किमतीमागे म्हणे वेगाचं आणि रचनेचं गूढ शास्त्र होतं, ते शास्त्र दुसरं दुकान उघडताच सत्तर डॉलरने अडाणी झालं.

हा खेळ मायक्रोसॉफ्टचा जुना आहे. एक्सबॉक्स ३६० ला १२० जीबीची हार्ड डिस्क २००७ मध्ये १७९.९९ डॉलरला विकायचे. आत काय, तर लॅपटॉपात असते ती अडीच इंची डिस्क. वर प्लास्टिकचा अंगरखा आणि कंपनीचं शपथपत्र. डेटेल नावाच्या कंपनीने त्याच यंत्राची जास्त जागेची मेमरी कार्डं विकायला सुरुवात केली, तेव्हा २००९ च्या शरदात एक अपडेट आलं आणि परक्या कार्डांना यंत्राने ओळख दाखवणं बंद केलं. प्रकरण कोर्टात गेलं. पुढच्या वर्षी कंपनीलाच साक्षात्कार झाला आणि साधा यूएसबी पेनड्राइव्ह चालू लागला, तोही एका पेनड्राइव्हमागे १६ जीबीपर्यंतच. उदारपणालासुद्धा माप हवं.

आता सोनीवाले मिशीवर ताव देत असतील तर त्यांनी खाली बसावं. तुमच्या प्लेस्टेशन ३ मध्ये कुठलीही अडीच इंची डिस्क घरी बसवता यायची, ती कशी बदलायची हे तुम्हीच माहितीपुस्तिकेत छापलं होतं, सगळं मान्य. आणि मग २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत हातात धरून खेळायची व्हिटा आणलीत. गंगेत न्हाऊन लगेच चिखलात लोळावं तसं. व्हिटाला जगातलं कुठलंही कार्ड चालत नव्हतं, फक्त तिचं स्वतःचं, नखाएवढं. अमेरिकेत ४ जीबी १९.९९ डॉलर, ३२ जीबी ९९.९९ डॉलर. अडीचशेच्या यंत्रात शंभराचं कार्ड. त्या वेळी ३२ जीबीचं साधं मायक्रोएसडी याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळायचं. हे कार्ड महाग का, याचं पटेल असं उत्तर गिऱ्हाइकाला कधी मिळालं नाही. व्हिटा मागे पडली त्याची कारणं बरीच असतील, पण दुकानात यंत्राची किंमत ऐकून पुढे सरकलेला माणूस कार्डाची किंमत ऐकून मागे सरकत असे, हे कारण मला तरी पहिल्या रांगेत दिसतं. पुढे जाणत्या पोरांनी गेमच्या खाचेत मायक्रोएसडी बसवणारा अडॅप्टर काढला. व्हिटाच्या आधीच्या पीएसपीच्या काळात तर मेमरी स्टिकच्या आकाराचे, पोटात दोन मायक्रोएसडी घेणारे अडॅप्टर आपल्याकडच्या गल्लीबोळांत मिळायचे. तिथे मराठी, मारवाडी, पंजाबी सगळे एक व्हायचे. राष्ट्रीय एकात्मतेचं श्रेय या उद्योगाला कोणी देत नाही.

प्लेस्टेशन ५ ला मात्र सोनीने शहाणपण धरलं, आतमध्ये एम-डॉट-टू एसएसडीची सर्वांसाठी असलेली खाच ठेवली. भारतात हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आलं आणि खाच सॉफ्टवेअरने सप्टेंबरपर्यंत बंद होती. दार दिलं, किल्ली मागून पाठवली. चालायचंच.

या खाचेत एसएसडी बसवताना बघायचं तर जयपूरच्या परकोट्याबाहेर यावं लागतं. एम. आय. रोडलगत जयंती मार्केट आहे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची वस्ती. तिथल्या एका काउंटरवर भाच्याबरोबर उभा राहून मी पाहिलं. पोरगेल्या कारागिराने प्लेस्टेशन आडवं केलं, पांढरी पाखी दोन्ही हातांनी धरून जराशी उचलली आणि सरकवली. कट्ट असा आवाज झाला आणि गिऱ्हाइकाचा जीव वर गेला. "कुछ नहीं हुआ हुकम, ऐसे ही निकलता है." आत एका स्क्रूची लांबट पट्टी. ती काढली. मग लहानसं कडं खाचेतल्या लांबीच्या खुणेवर सरकवलं, एसएसडी तिरकी घातली, बोटाने दाबून आडवी केली, स्क्रू. एसएसडीच्या पाठीवर उष्णता पांगवणारा धातूचा पत्रा. तो धरून जाडी सव्वाअकरा मिलिमीटरच्या आत हवी, वाचायचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून जास्त हवा, एवढंच सोनी सांगते. कंपनी कुठली, ते सांगत नाही. काउंटरच्या काचेखाली पाच-सहा कंपन्यांची खोकी शेजारी शेजारी झोपली होती आणि दुकानदार प्रत्येकीची निंदा दुसरीच्या तोंडावर करत होता. बाजार म्हणतात तो हाच.

"और एक्सबॉक्स का कार्ड?" मी विचारलं.

दुकानदाराने खुर्चीवरच हात जोडले. "वो मंगवाना पड़ता है साहब. रेट मत पूछो, जो आएगा सो आएगा."

सगळ्यांसाठी माप असलं म्हणजे स्वस्ताई आली, असंही भोळेपणाने समजू नये. निन्टेंडोचा पहिला स्विच साध्या मायक्रोएसडीवर सुखाने जगला. जून २०२५ मध्ये स्विच २ आला तो मायक्रोएसडी एक्स्प्रेस मागत. मापाची कागदपत्रं चोख, कार्डांची मापं ठरवणाऱ्या संस्थेने मंजूर केलेली, कोणीही बनवावं. पण नवं आणि वेगवान, म्हणून साध्या कार्डाच्या कितीतरी पट महाग. घरातली जुनी कार्डं त्यावर गेम चालवू शकत नाहीत, चित्रं-चित्रफिती तेवढ्या दाखवतात. तरी त्यात एक आशा असते की दहा कारखाने लागले की भाव उतरेल. जिथे आशेलाच खाच नाही तिथे काय? ॲपलने २०२४ मध्ये एम ३ चा मॅकबुक एअर आणला. २५६ जीबीवाला १,१४,९०० आणि ५१२ जीबीवाला १,३४,९००. वरच्या २५६ जीबीचे वीस हजार, आणि नंतर वाढवायची सोय नाही. त्या मानाने एक्सबॉक्सचं कार्ड म्हणजे धर्मशाळाच.

आम्ही निघणार इतक्यात भाच्याने आपल्यासाठी म्हणून काचेखालच्या एका एक टीबीच्या खोक्याची किंमत विचारली. दुकानदाराने जी सांगितली ती ऐकून तो दचकला. त्याने मनाशी धरलेली किंमत गेल्या वर्षीची होती. "एआयवाले सारी मेमरी उठा ले गए," दुकानदार म्हणाला. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या भुकेने चिप महाग झाल्या आहेत, हे त्याने चार शब्दांत आटोपलं. पाच-सहा कंपन्यांनी एकमेकींचे गळे सोडून आता गिऱ्हाइकाचा धरला होता.

"मग काय करू?" भाच्याने विचारलं.

दुकानदाराने त्याच्या मोबाइलवर गेमची यादी मागून घेतली, चश्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मुनीमजी खातेवही पाहतात तशी वरून खाली वाचली. "ये वाला उड़ा दो," बोट कॉल ऑफ ड्यूटीवर ठेवून तो म्हणाला, "तीन दूसरे आ जाएँगे. इसका मैं कुछ नहीं लेता."